चाललंच पाहिजे

लालबागच्या आमच्या चाळीत आत्याचा आजार डॉक्टरांच्या आधी मुंग्यांनी ओळखला. मोरीच्या कडेला त्यांची रांग लागायची आणि आम्ही बिचाऱ्या मुंग्यांनाच शिव्या घालायचो.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. मिल सुटल्यापासून ती खिडकीपासून हलत नसे. चहात साखर घालते की साखरेत चहा, ते तिचं तिलाच माहीत. पुढे ती विसरायला लागली. एकदा शेजारच्या खोलीत शिरून त्यांची कणीक मळून आली, वर आज पीठ जाडं दळलंय म्हणून माझ्या आईवर करवादली. आम्ही पोट धरधरून हसलो. पण पेटता स्टोव्ह तसाच टाकून ती बाहेर निघून गेली, तेव्हा बाबा हसले नाहीत. त्या संध्याकाळी आत्या भिंतीकडे तोंड करून पडली होती. बाबा आईला हळूच म्हणाले, असंच राहिलं तर मे महिन्याच्या बोटीने हिला कोकणात गावी सोडतो. मला आत्या आईपेक्षा जवळची होती.

डॉक्टरांनी लघवी तपासली, तीत साखर निघाली; औषध दिलं, चहातली साखर तोडली. म्हणाले, "रक्तात साखर अशी उधळली की मेंदूही गोंधळतो. बसून राहायचं नाही. रोज चाललंच पाहिजे!"

ते संयुक्त महाराष्ट्राचे दिवस. "पाहिजे" कानावर पडायचा अवकाश, आत्याने मूठ वर केली आणि ओरडली, "झालाच पाहिजे!" बाकड्यावरचे पेशंटही ओरडले. कंपाउंडरच्या हातातलं औषध सांडलं.

दुसऱ्या दिवसापासून आत्या प्रभातफेरीत, आणि ती वाट चुकू नये म्हणून तिचं बोट धरून मी. लालबाग ते परळ, मग दादर, एकदा तर थेट गिरगाव! पुढून "झालाच पाहिजे" आलं की ही मागून "चाललंच पाहिजे" ठोकायची, आणि बायकाही खुशाल तेच म्हणायच्या. हसून हसून मला चालवेना. वाटेत कुणी चहा दिला तर तिच्या वाटणीचा मी प्यायचे. माझ्या त्यागाला सीमा नव्हती.

हळूहळू तिला माणसं ओळखू येऊ लागली. शेजारणींची जुनी भांडणंही आठवू लागली, तेव्हा चाळ जरा धास्तावली. डॉक्टर खूश. "पाय चालले की डोकं चालतं," म्हणाले.

निवडणुकीत आमचा उमेदवार निवडून आला आणि चाळीत पेढे वाटले. बाबांनी आनंदाच्या भरात आत्याच्या हातावरही एक ठेवला. तिने पेढा हुंगला आणि माझ्या तोंडात कोंबला.

"माका बंद हा," ती म्हणाली. मग बाबांकडे वळली. "आणि रे, मे म्हयन्याच्या बोटीचा काय केलंस?"

बाबांचा चेहरा उतरला.

"सगळा इसारलंय," ती म्हणाली, "ता मात्र इसाराक नाय."

"खयची बोट?" बाबा डोळे पुसत म्हणाले. "उद्या मी पण येतंय चालूक."