हरिबाची झूल

सिद्धेश्वर तोडकर धारूरच्या एका हायस्कुलात तेहतीस वर्षं चित्रकलेचे शिक्षक होते. गणिताचा अभ्यासक्रम मागे पडला की त्यांचा तास काढून घेतला जाई आणि ते मुकाट्यानं स्टाफरूममध्ये जाऊन बसत. तिथं बसून जुन्या कॅलेंडरांवरची चित्रं कापायची आणि वहीत चिकटवायची. अशा अकरा वह्या घरी साठल्या होत्या. चित्र, मूर्ती, जुनं नक्षीकाम यांचं त्यांना वेड होतं. पण शाळेच्या सहली निघत त्या देवस्थानांना. संग्रहालय म्हणून त्यांनी आयुष्यात दोनदाच काय ते पाहिलं होतं.

ते निवृत्त झाले त्यानंतर दोन वर्षांनी, २०१५ साली, पाऊस सलग दुसऱ्यांदा हुकला. पोळा झाल्यावर आठवड्याभरात सहकारी साखर कारखान्याची जीप त्यांच्या दाराशी येऊन थांबली. शिवारात ऊसच नव्हता, त्यामुळे यंदा गाळप होणार नव्हतं. पण कारखान्याचा रौप्यमहोत्सव होता. चेअरमन अर्जुनरावांनी तोडकर गुरुजींना एक नवाकोरा हॉल दाखवला.

"गुरुजी, हितं म्युझियम करायचं. आपल्या भागातल्या माणसांच्या वस्तू ठेवायच्या. तुमच्याबिगर हे कुणाला जमायचं न्हाई. जीप घ्या, आश्रुबा ड्रायव्हर घ्या. आधी चार ठिकाणं बघून या."

गुरुजींनी हॉलच्या भिंतीवर हात फिरवून पाहिला. उजेड कुठून येतो, हे त्यांनी तिथंच विचारलं. अर्जुनराव हसले.

ते तेरला गेले, औरंगाबादला गेले, पुण्याला गेले. तेरला भाजक्या मातीच्या बोटभर बाहुल्यांसमोर ते तासभर उभे राहिले. बाहेर बसून कंटाळलेला आश्रुबा शेवटी आत आला.

"गुरुजी, आमच्या पोरी चिखलाचं करत्यात, तसलंच हाय की हे."

"म्हणून तर ठेवलंय, आश्रुबा."

त्यानंतर आश्रुबाही प्रत्येक ठिकाणी आत येऊ लागला. पुण्यात एका भिंतीवर नुसते अडकित्ते मांडलेले पाहून गुरुजींचे डोळे भरून आले. आपल्या आईचा अडकित्ता त्यांनी भंगारवाल्याला दिला होता, पंधरा वर्षांपूर्वी. कोणती वस्तू किती उंचीवर ठेवलीय, चिठ्ठीवर काय लिहिलंय, सगळं त्यांनी वहीत उतरवून घेतलं.

ते पुण्यात होते त्याच दिवशी धारूरला गल्लीत टँकर आला. नऊ दिवसांनी आला होता. नीलाबाई, गुरुजींची बायको, दोन घागरी घेऊन धावल्या. पाइपाशी रेटारेटी झाली, चिखलात पाय सरकला आणि उजवं मनगट मोडलं. शेजारच्या कौशल्याबाईंनी त्यांना दवाखान्यात नेलं. गुरुजी दुसऱ्या दिवशी परतले तेव्हा नीलाबाई डाव्या हातानं लिंगपूजा करत होत्या. वाटीत चार चमचे पाणी होतं.

गुरुजी शेजारी बसले. त्यांनी पूजा आटोपली. मग म्हणाल्या, "झालं का बघून?"

"मला फोन करायचा होतास."

"करून काय झालं असतं? तुमी तिथनं घागर उचलणार होता?"

तीन दिवस गुरुजींनी भांडी घासली, भाकरी थापायचा प्रयत्न केला, टँकरच्या रांगेत उभे राहिले. चौथ्या दिवशी जीप आली आणि ते गेले. नीलाबाई दारापर्यंत आल्या नाहीत.

आता वस्तू गोळा करायच्या होत्या. वडवणी, धारूर, लिंबागणेशच्या बाजूची गावं त्यांनी पालथी घातली. दुष्काळानं लोकांची घरं रिकामी होत होती. कुणी ऊसतोडीला कर्नाटकात निघालेलं, कुणी जनावरांबरोबर चारा छावणीत मुक्कामाला. मागं राहिलेली म्हातारी माणसं गुरुजींचं ऐकून घेत. शेवटी कुणी पितळी समई देई, कुणी कोरीव चौरंग, कुणी लाकडी काठवट. फुकट. गुरुजी प्रत्येकाचं नाव लिहून घेत.

वडवणीजवळच्या एका वस्तीवर छबुबाई नावाची बाई एकटीच राहत होती. तिनं ट्रंकेतून बैलाची झूल काढली. लाल कापडावर भिंगं, कवड्या आणि पिवळ्या दोऱ्यानं विणलेले मोर. एकाही मोराची मान दुसऱ्यासारखी नव्हती. गुरुजींनी ती उन्हात धरली आणि एकेक मोर निरखून पाहिला.

"माज्या मालकानं केली," छबुबाई म्हणाली. "हरिबा नाव त्यांचं. बाप्या माणूस सुई घिऊन बसतो म्हणून लोक हसायचे. तीन पावसाळे लागले त्यांना."

"बैल?"

"मालक गेल्यावर पोरानं दावणीला ठिवले हुते. औंदा इकले. चारा कुठनं आणावा." ती झुलीकडं बघत राहिली. "आता पोळ्याला कुणाच्या पाठीवर टाकू? तुमी न्या. पर मला बघाया येता येईल न्हवं?"

"कधीही या. काचेच्या पेटीत ठेवतो. खाली नाव लिहितो, हरिबा म्हणून. माझ्या हातानं."

तिनं झूल घडी घालून दिली आणि ट्रंक उघडीच ठेवली.

दिवाळीपर्यंत त्रेसष्ट वस्तू जमल्या. गुरुजींनी बोरूनं चिठ्ठ्या लिहिल्या. हॉलमध्ये टेबलं मांडून त्यांनी सगळं लावलं. काचेच्या पेट्या तेवढ्या यायच्या होत्या. अर्जुनराव एकदा येऊन गेले, म्हणाले, "पेट्या येतील. मंत्र्यांची तारीख मिळू द्या." तारीख काही मिळाली नाही. दुष्काळात महोत्सव नको, असं वरून सांगण्यात आलं. गुरुजींना हे आश्रुबाकडून कळलं. पाठोपाठ हॉलला कुलूप लागलं. किल्ली मागायला ते दोनदा गेले, तर चेअरमनसाहेब मुंबईला.

तुळशीचं लग्न झालं आणि अर्जुनरावांच्या धाकट्या मुलाच्या लग्नाची पत्रिका आली. लग्न कारखान्याच्या मैदानावर होतं. नीलाबाईंच्या हाताचं प्लास्टर निघायचं होतं. त्या आल्या नाहीत.

मंडपात शिरताच गुरुजींना दिसलं. लग्नाला गावाकडची थीम होती. लातूरच्या डेकोरेटरनं हॉलमधल्या सगळ्या वस्तू मंडपभर मांडल्या होत्या. काठवटींमध्ये पापडाचा ढीग होता. चौरंगांवर चाटची भांडी ठेवून चौरंग चटणीनं माखले होते. समईत विझवलेल्या सिगारेटी. फाटकाशी एक सजवलेली बैलगाडी उभी होती, पाहुण्यांनी फोटो काढावेत म्हणून, आणि एका बैलाच्या पाठीवर हरिबाची झूल होती. ती मापात बसेना म्हणून कुणीतरी तिला मधोमध कात्री लावून दोरीनं बांधलं होतं. मोर दोन्ही बाजूंना अर्धे अर्धे झाले होते.

गुरुजी झुलीला हात लावायला पुढं झाले, तेवढ्यात माइकवरून त्यांचं नाव पुकारलं गेलं. दोन कार्यकर्त्यांनी त्यांना धरूनच स्टेजवर नेलं. अर्जुनराव माइकवर म्हणाले, "ही जी सगळी जुनी वैभवं तुमी बघताय, ती आमच्या गुरुजींनी गोळा केली. खरा कलाप्रेमी माणूस." शाल अंगावर पडली, हातात नारळ आला. समोर अडीच-तीन हजार माणसं टाळ्या वाजवत होती.

गुरुजींनी हात जोडले. नमस्कार केला, फोटोसाठी थांबले आणि खाली उतरले.

दुसऱ्या दिवशी ते पोतं घेऊन मैदानावर गेले. डेकोरेटरचा ट्रक पहाटेच निघून गेला होता. बऱ्याचशा वस्तू त्यातच गेल्या. एकवीस वस्तू कशाबशा सापडल्या. झुलीचे दोन तुकडे आश्रुबानं जीपमध्ये लपवून ठेवले होते.

"साहेबाला म्हणून बघा एकदा," आश्रुबा म्हणाला.

"काय म्हणू? काल म्हणायचं होतं."

मग महिनाभर गुरुजी एसटीनं गावोगाव फिरत राहिले. ज्याची वस्तू सापडली त्याला परत, ज्याची गेली त्याच्यापुढं उभं राहून तसं सांगणं. काहींनी पाणी विचारलं. एकानं, "विकली आसंल, सांगा की सरळ," म्हणून दार लावून घेतलं. हॉलमध्ये पेंडीची पोती भरली आहेत, हे त्यांना एसटीतच कुणाकडून तरी कळलं.

छबुबाईकडं ते सगळ्यात शेवटी गेले. तिनं तुकडे मांडीवर घेतले, कापलेल्या कडेवरून बोट फिरवलं, सुटलेली एक कवडी तळहातावर धरली. गुरुजींनी सगळं सांगितलं. शालीचंही सांगितलं. ते सांगितलं नसतं तर तिला कळलंही नसतं.

"तवा तुमी काय म्हणलात?"

"काही नाही. नमस्कार केला."

"झूल समोर दिसत हुती?"

"दिसत होती."

छबुबाईनं तुकड्यांची घडी घातली. ती बसेना, म्हणून पुन्हा घातली.

"मंग आता मला कशाला सांगाया आलात?" ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "मी बघाया येणारच हुते की. आले असते, न्हाई दिसली असती, माघारी गेले असते. तुमाला सांगून मोकळं व्हायचं हुतं."

गुरुजी उठले. वस्तीपासून फाटा दीड कोस होता आणि एसटी साडेचारची होती. छबुबाई शेळीला डहाळा टाकायला मागल्या अंगाला गेली. ते निघताना ती तिथंच होती. तिनं वळून पाहिलं नाही.