भासऱ्याची मान

इंग्रजांच्या राजात कामठ्यात कुणाची मान धरली, की तो सेवकरामच्या ओसरीवर यायचा. धानाचे भारे डोक्यावर वाहून बायांच्या माना धरायच्याच. सेवकराम हनुवटी पकडून बोलता बोलता हिसका द्यायचा, कट्‌ असा आवाज यायचा आणि बघणारे खूश व्हायचे. त्या आवाजावरच त्याचं नाव चालायचं.

मग धाकटा भाऊ जागेश्वर याची बायको शामकला घरात आली. तिची विद्या माहेरची, आजीकडून आलेली. परसात ती माणसाला उताणं निजवायची, कवटीखाली बोटं ठेवून मानेचा वरचा सांधा चाचपायची आणि म्हणायची, "मान नोको हालवू, नजर तेवढी तिकडं ने." थोड्या वेळानं मान आपसूक वळायची. हिसका नाही, आवाज नाही. आधी बाया तिच्याकडे वळल्या, मग म्हातारे बाप्येही.

सेवकरामच्या पोटात दुखायला लागलं. "आवाज नाही आला त मान बसली कायची?" भेटेल त्याला तो विचारायचा. शेवटी त्यानं परसाला उंच कूड घातला, आणि बाजेवर चढून त्याच कुडावरून रोज डोकावायचा. एके दिवशी डोकावता डोकावता त्याचीच मान धरली.

आता तो सगळ्या अंगानिशी वळायचा. लोक गालात हसायचे. मान बसवणाराच वाकडा, तर ओसरीवर येणार कोण? स्वतःला हिसका देता येईना. आणि शामकलेला तो भासरा, नवऱ्याचा थोरला भाऊ. तिनं त्याला शिवायचं नाही, तोंडही दाखवायचं नाही. या रिवाजाचा त्याला आधारच वाटला. तिला विचारायची पाळी तरी येणार नव्हती.

पण त्याची बायको सुशिलाबाई कण्हणं ऐकून कंटाळली. तिनं त्याला दारापाशी निजवलं, डोकं हातात घेतलं आणि जावेला हाक मारली.

दाराआडून शामकला म्हणाली, "बाई, दाबू नोका, बोटं नुसती ठेवा. त्यायले म्हणा, नजर परसाकडं न्या."

"तिकडं त हे रोजच पाहून राहतेत," सुशिलाबाई म्हणाली.

मान सुटली. सेवकराम उठला, दोन्हीकडे वळून पाहिलं आणि म्हणाला, "वाजली नाही. अर्धी राहिली असंल."

दुसऱ्या दिवशी त्याच मोकळ्या मानेनं तो कुडावरून डोकावला. शामकलेशेजारी सुशिलाबाई बसली होती, एका म्हातारीचं डोकं तळहातांवर घेऊन. पुढं आणखी बाया बसलेल्या. तो खाली उतरला आणि रिकामी ओसरी झाडायला लागला.