अंगठ्याचं कुलूप

नाशकात भद्रकालीला बंदुका दुरुस्त करणारा एक म्हातारा होता. बोलताना हातातली नळी पुसत राही. घरात नातवंडं आली, म्हणून माझ्या परवान्याच्या रिव्हॉल्व्हरला अंगठ्याचा ठसा ओळखणारं कुलूप हवं होतं. परदेशात तसं निघालंय, असं पेपरात वाचलं होतं. त्याने भाव सांगायच्या आधीच मी निम्म्यात मागितलं. मग शेताचा बांध कोरणाऱ्या सख्ख्या भावाला शिव्या घातल्या. "एक दिवस उडवतोच त्याला!"

म्हाताऱ्याचा हात थांबला. "शेठ, ते कुलूप नातवंडांना अडवेल. पण तुमचा अंगठा लागला की उघडेलच ना?"

मी कुलुपाचा नाद सोडला. रिव्हॉल्व्हर त्याच्याच दुकानात रीतसर जमा केलं. ठेवायच्या भाड्यावरून मात्र भांडलो. भावाशी अजून रोज भांडतो. हल्ली फक्त माझा घसा बसतो.