जागृती पूर्ण

शाळेत शिकवणाऱ्या विजयमालाबाईंना मोनाली पहिल्यांदा दिसली ती टँकरवाल्याशी भांडताना. बोनकोड्याच्या शाळेसमोर टँकर उभा आणि त्याच्यापुढे ही काटकुळी पोरगी, कमरेवर हात ठेवून.

"आधी मागच्या गल्लीत चल. तिथं माणसं राहत नाहीत काय?"

"तू कोन नगरसेवक लागून गेलीस?"

"व्हायला काय लागतं सांग, होते!"

बाई वर्गाच्या दारात उभ्या राहून हसल्या. पोरीचा आवाज खणखणीत सातारी होता. वडील जोतीराम मार्केटात माथाडी. ती सिस्टरांच्या कॅथलिक कॉलेजात समाजकार्य शिकत होती आणि क्षेत्रकार्यासाठी, म्हणजे वस्तीत प्रत्यक्ष काम करायला, बोनकोड्याला येत होती. हे शहाण्णव सालातलं.

मागच्या गल्लीला नळ नव्हता. मोनालीने बायका जमवल्या, बाईंच्याच वर्गात बैठका घेतल्या. सोमवारी साहेब भेटतात, म्हणून सोमवारीच पाण्याच्या ऑफिसवर हंडे घेऊन जायचं ठरलं. परीक्षेचं वेळापत्रक मात्र तिने पाहिलंच नाही.

आधीच्या शनिवारी कॉलेजने त्याच वर्गात निरोपाचा कार्यक्रम ठेवला. परीक्षेआधी वस्तीचा रीतसर निरोप घ्यायचा, असा नियमच होता. पेढे आले. भिंतीवर मोनाली आणि तिच्या वर्गातल्या मुलींनी वर्षभराच्या कामाचा तक्ता लावला. मागच्या गल्लीतल्या गोजराने तो बाईंकडून वाचून घेतला.

"पाणीप्रश्न : जागृती पूर्ण."

"जागृती?" गोजराने पेढा खाली ठेवला. "आमी काय झोपलेलो? पान्यासाठी कोंबड्याच्या आधी उठतो आमी!"

बायका हसल्या, पण त्या हसण्यात गंमत नव्हती. मोनाली ताडकन उठली आणि तिने तक्ता टराटरा फाडला. स्वतःच्याच अक्षरातला.

कॉलेजच्या सिस्टर एमिलिया शांतपणे म्हणाल्या, "मोनाली, नातं नीट संपवणं हाही कामाचाच भाग आहे."

"नळ आला का, सिस्टर? मग काय संपवू?"

"सोमवारी तुझा पहिला पेपर आहे."

 मोनालीच्या कानाच्या पाळ्या लाल झालेल्या बाईंना दिसल्या.

"जा बाय, पेपर दे," गोजरा म्हणाली. "आमाला सवय हाय."

शिवी दिली असती तर मोनालीने परत दिली असती. ही सवय मात्र तिला ऐकवेना. ती चपला हातात घेऊनच निघाली, आणि वर्गाचं दार तिने असं आपटलं की फळ्यावरचा खडू खाली पडला.

सोमवारी हंडे निघाले तेव्हा बाई खिडकीशी होत्या. पुढे मोनाली होती, घरची कळशी कमरेला लावून. मागून जोतीराम तरातरा आला. आता हा पोरीला ओढत नेणार, असं बाईंना वाटलं.

"वर्ष घालवलंस ना?" तो भर रस्त्यात ओरडला. "आता पाणी तरी आण!" आणि एका म्हातारीच्या डोक्यावरचा हंडा त्याने आपल्या खांद्यावर घेतला.

साहेबांनी त्या दिवशी नुसतं आश्वासन दिलं. बायका पुन्हा गेल्या, पुन्हापुन्हा गेल्या. दिवाळीनंतर गल्लीला नळ आला. मोनालीचं वर्ष गेलं ते गेलंच. पुढच्या खेपेला ती पास झाली.

आता ती नावड्याला राहते. सोसायटीच्या मीटिंगमध्ये पाण्यावरून अजूनही तीच भांडते.