व्यवसाय : साखर

जोमाकाका कुठंही उभे राहिले की आधी उजव्या पायाची टाच जमिनीत दाबून बघायचे. शेतात, एसटी स्टँडवर, लग्नाच्या मांडवात, देवळाच्या पायरीवर. टाच दाबायची, क्षणभर थांबायचं, मग अंगाचं वजन त्या पायावर सोडायचं. मी त्यांना पहिल्यांदा बघितलं तेव्हा ते रोह्याला लागून असलेल्या अष्टमी गावातल्या आमच्या खोलीच्या दाराबाहेर उभे राहून ओट्याच्या फरशीची अशी परीक्षा घेत होते. फरशी पास झाली. मग त्यांनी सदऱ्याच्या खिशातून चार घड्या घातलेला कागद काढला. कागद माझाच होता.

"ह्यो तूच लिवलास का गो?"

मी हो म्हटलं, आणि ताठ मानेनं म्हटलं. तेव्हा मी बावीस वर्षांची होते. वडील धाटावला रसायनाच्या कंपनीत शिफ्ट करायचे आणि मी आमच्या संघटनेसाठी कंपन्यांविरुद्ध पत्रकं लिहायचे, त्यामुळे घरात जेवताना फारसं बोलणं होत नसे. कुंडलिका नदीचं पाणी आज कुठल्या कंपनीचं आहे ते मी वासावरून सांगत असे. पण माणसं ओळखायला मी वासाइतकाही वेळ देत नव्हते. माणूस समोर आला की तो कुणाच्या बाजूचा, एवढं ठरवायचं आणि कागद काढायचा.

हे पत्रक पेणमधल्या एका संशोधन संस्थेबद्दल होतं. खाऱ्या जमिनीत टिकणारं भात शोधणं हे त्या संस्थेचं काम. खाडीकडच्या एका गावानं तिला प्रयोगासाठी आपलं शेत दिलं होतं. संस्थेचा वार्षिक अहवाल माझ्या हाती लागला. त्याच्या शेवटच्या पानावर नियामक मंडळाच्या सात सदस्यांची यादी होती, आणि प्रत्येकाच्या नावापुढे 'व्यावसायिक पार्श्वभूमी' असा रकाना. निवृत्त सचिव, तेच अध्यक्ष. मग चार्टर्ड अकाउंटंट, रसायन कारखान्याचे संचालक, डोळ्यांचे डॉक्टर, कॉलेजचे प्राचार्य, बांधकाम व्यावसायिक. सातवं नाव जोमा म्हात्रे, पुढे 'साखर व्यवसाय'.

मला आणखी काय हवं होतं? मी लिहिलं : 'भाताच्या संस्थेत साखरेचा व्यापारी काय करतो? या सात खुर्च्यांपैकी एकाही खुर्चीच्या पायाला चिखल लागलेला नाही. आम्ही सातही जणांची पार्श्वभूमी तपासली आहे.' रोह्यात पाचशे प्रती छापल्या. पेणच्या बाजारात मी स्वतः उभी राहून वाटल्या. 'तपासली आहे' हे शब्द जाड ठशात होते. मी तपासलं होतं ते एक पान.

आणि आता तो साखरेचा व्यापारी माझ्या ओट्यावर उभा होता. गुडघ्यापर्यंत धोतर, पायांच्या बोटांमध्ये खाऱ्या चिखलानं कायमच्या पडलेल्या भेगा.

मी बसायला सांगितलं. ते खाली जमिनीवर बसले, म्हणून मलाही बसावं लागलं. त्यांनी सावकाश सगळं सांगितलं. गावानं शेत देताना अट घातली होती की मंडळावर एक माणूस गावचा असेल. तो माणूस म्हणजे ते. सदस्य झाल्यावर संस्थेनं एक फॉर्म दिला. त्यात धंदा काय, असं विचारलं होतं. त्यांनी लिहिलं, 'खांड भरणे'. ऑफिसातले पवार कारकून साताऱ्याकडचे. त्यांच्या ओळखीची खांड म्हणजे खांडसरी, साखर. 'खांड भरणे' हे अहवालात बरं दिसणार नाही असं वाटून त्यांनी ते सुधारून दिलं. जोमाकाकांनी दोनदा जाऊन सांगितलं. दोन्ही वेळा पवारांनी, पुढच्या अहवालात बघू, म्हणून चहा पाजला.

"मग खांड म्हणजे काय?" मी विचारलं. हे विचारताना मला लाज वाटायला हवी होती. रोहे आणि पेण यांच्यात एक एसटी आहे, समुद्र नाही.

 काकांनी पत्रक जमिनीवर पसरून ते तळहातानं सपाट केलं. मागच्या आठवड्यातल्या मीटिंगमध्ये हाच कागद अध्यक्षांनी वाचून दाखवला होता. खाडीकाठचं शेत बंद करून तिथं पाहुण्यांसाठी विश्रामगृह बांधायचं, असा ठराव येणार होता, आणि त्याला विरोध करणारा एकच माणूस होता. अध्यक्ष त्या माणसाला म्हणाले, बघा, जनतेलाच तुम्ही नको आहात. पुढच्या मीटिंगच्या आत राजीनामा दिलात तर शोभून दिसेल. शेतात भात उभं होतं, तिसऱ्या वर्षाचं. मिठाचं पाणी चढूनही दोन वर्षं टिकलेलं बियाणं. ते पिकून हाती यायच्या आतच मीटिंग होती.

म्हणजे ज्यांच्याविरुद्ध मी लिहिलं होतं, त्यांच्याच हातात मी काठी दिली होती.

"लिवलंस चांगला गो," ते म्हणाले. "पन इचारलंस कुनाला?"

रागावले असते तर मी भांडले असते. भांडायची मला सवय होती. पण हा माणूस खरंच विचारत होता, आणि उत्तराची वाट बघत होता. मग ते उठत म्हणाले, उद्या ये, सकाळची ओहोटी हाय, बघशील.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं निघाले. नागोठणे, गडब, पेण, आणि तिथून पुढे मिळेल त्या वाहनानं आणि मग पायी. खाडी आणि शेतं यांच्यामध्ये मातीचा लांबच लांब बांध. एका बाजूला समुद्राचं पाणी, दुसऱ्या बाजूला हिरवं भात, आणि मध्ये दोन माणसं शेजारी चालू शकतील एवढी वाट. त्या बांधाला एका ठिकाणी बैलगाडी जाईल एवढं भगदाड पडलं होतं. ती खांड. खेकड्याच्या एका बिळातून सुरुवात होते, काका म्हणाले. बीळ कुणाला दिसत नाही. वरून बांध धड दिसतो, आतून पोकळ. टाच दाबली की कळतं. खांड वेळेत भरली नाही तर भरतीचं पाणी शेतात शिरतं आणि मग पुढची काही वर्षं त्या शेतात भात विसरायचं.

घरटी एक माणूस आला होता. बांधाची कामं गाव असंच करतं, त्याला ते जोळ म्हणतात. बायका, पुरुष एका रांगेत उभे राहून चिखलाचे गोळे हातोहात पुढे देत होते, आणि रांगेच्या टोकाला, खांडीत, कमरेएवढ्या पाण्यात जोमाकाका. गोळा कुठं बसवायचा ते तेच ठरवत. त्यांचा आवाज चढलेला मी ऐकला नाही. मला रांगेत उभं केलं. माझ्या एका बाजूला त्यांच्या बायको हौसाकाकू होत्या. ही कोण, असं कुणीतरी विचारलं. काकू म्हणाल्या, "आमच्या साखरवाल्याला छापनारी."

सगळी रांग हसली. मग मला कळलं की गावात ते नाव कधीच रुळलेलं होतं. दुकानावर त्यांना साखरेचा भाव विचारायचे. लग्नात चहा फिका झाला की पंगतीतून जोमाकाकांना हाक जायची. काकूंचं दुखणं वेगळं होतं. "जन्म गेला," त्या गोळा माझ्या हातात आपटत म्हणाल्या, "घरात कवा चहापुरती साखर नाय, आन म्हने साखरवाला."

मी घाईघाईनं एक गोळा खांडीच्या मधोमध टाकला. पाण्यानं तो तिथल्या तिथं नेला.

"मधून नाय भरत," काका खालून म्हणाले. "दोनी कडा आधी धर. जो भाग शाबूत हाय त्याला धरून पुढं ये. मधी उबी राशील तं पानी तुलाच नेल."

पाणी परत चढायच्या आत खांड भरली. मला चार दिवस हात वर करता येत नव्हते. त्या हातांनीच मी दुसरं पत्रक लिहिलं, आणि ते जाळच होतं. संस्थेचं ऑफिस, पवार कारकून, अध्यक्ष, कुणाला सोडलं नाही. ते घेऊन काकांकडे गेले. ते एकेका ओळीखाली बोट धरून वाचत. पूर्ण वाचायला त्यांना अर्धा तास लागला, आणि त्या अर्ध्या तासात मला माझी विशेषणं किती आहेत ते पहिल्यांदा दिसलं. वाचून झाल्यावर त्यांनी कागद उलटून पाठीमागे पाहिलं.

"तुजी चूक कुठं हाय यात?"

मी म्हटलं, चूक पवारांची आहे, त्यांनी साखर छापली. काका म्हणाले, पवारानं एका रकान्यात छापली, तू पाचशे कागदांवर. आधी शाबूत कडेला धर, मग त्यांना काय बोलायचं ते बोल.

पत्रकाची पहिली ओळ बदलली. 'मी चुकले. जोमा म्हात्रे साखरेचे व्यापारी नाहीत, ते खांड भरतात, आणि हे मी त्यांना न विचारता लिहिलं होतं.' आमच्या संघटनेतल्या मुलांनी डोक्याला हात लावला. पत्रकात कुणी 'मी चुकले' लिहितं का, लोक काय म्हणतील? लोकांनी ते पत्रक वाचलं. बाजारात भाजी बांधायला न वापरलं गेलेलं माझं ते पहिलं पत्रक.

मीटिंगच्या दिवशी मी संस्थेच्या व्हरांड्यात बसले होते. खिडकी उघडी होती. अध्यक्ष म्हणाले की पत्रकं येतात आणि जातात, पण म्हात्रे यांची पार्श्वभूमी नेमकी काय हे मंडळाला समजलेलं नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांनी विचारलं, ही खांड म्हणजे काय हो? यावर आतून ट्रे सरकल्याचा आवाज आला. मी उठून खिडकीतून पाहिलं. काकांनी चहाचा ट्रे पुढे ओढला होता. साहेब लोकांसाठी आणलेल्या साखरेच्या चौकोनी वड्या ते एकीला एक लावून ट्रेच्या मधोमध मांडत होते. बांध तयार झाला. पलीकडे त्यांनी दोन बिस्किटं ठेवली, ती शेतं. मग आपल्या कपातला चहा अलीकडे ओतला. मधली एक वडी तपकिरी झाली, बसली, आणि चहा बिस्किटांपर्यंत गेला.

"ही खांड," ते म्हणाले. "साखरेचा बांध असा जातो. मी मातीचा घालतंव. तुमी तितलं शेत बंद केलंव, तं खारं पानी काय करतं ते तुमाला ह्या ट्रेवरच बघायला लागल."

डॉक्टर मोठ्यानं हसले. मग त्यांनीच विचारलं की आपण शेत बघायला कधी गेलो होतो.  विश्रामगृहाचा ठराव त्या दिवशी नामंजूर झाला, चार विरुद्ध तीन. राजीनाम्याचं नाव पुन्हा निघालं नाही. अध्यक्षांनी पवारांना बोलावून ट्रे पुसायला सांगितला.

त्यानंतर तीन वर्षं मी काकांच्या मागोमाग खाडीकडची गावं फिरले. काहीही लिहिण्याआधी मला त्यांचा तोच प्रश्न यायचा : इचारलंस कुनाला? मी चिडायचे. अन्याय डोळ्यांसमोर असताना विचारायचं काय? ते म्हणायचे, डोल्याला वरचा बांध दिसतो गो, बील नाय दिसत. मला हे पटायला वेळ लागला. अजूनही दर वेळी पटतंच असं नाही.

गेल्या माघात ते गेले. तीन दिवसांचा ताप, एवढंच. गावाच्या स्मशानाची वाट बांधावरून जाते. आम्ही मागून चालत होतो, बायका सगळ्यात मागे. एका वळणावर गर्दी थांबली म्हणून मीही थांबले, आणि माझी टाच आपोआप खाली दाबली गेली. घोट्यापर्यंत पाय आत गेला.

 ही काय बोलायची वेळ आहे? मग हौसाकाकूंच्या कानात सांगितलं. त्यांनी माझ्या पायाकडे पाहिलं, पुढे जाणाऱ्या माणसांकडे पाहिलं आणि मागच्या चार बायांना म्हणाल्या, "तुमी हितंच थांबा. बील बुजवा. त्यांना कलंल तं तितूनच उठून येतील." आम्ही पाच जणींनी लुगडी, साड्या खोचून तिथं चिखल भरला. स्मशानातून धूर दिसेपर्यंत ते काम झालं होतं.

बाराव्याला गेले तेव्हा माझ्या पिशवीत नव्या अहवालाचं प्रूफ होतं. पवारांनी स्वतः रोह्याला येऊन ते माझ्याकडे दिलं होतं, दर वर्षी पुढच्या अहवालावर गेलेली चूक या वेळी नको म्हणाले. शेवटच्या पानावर काकांचं नाव चौकटीत होतं. काकूंनी वाचून दाखवायला सांगितलं. मी वाचलं, जोमा म्हात्रे, व्यावसायिक पार्श्वभूमी, खांड भरणे.

काकू पुढे सरकल्या.

"आन साखर?"

"काढली, काकू. या वेळी नीट बघून काढली."

त्यांनी माझ्या हातातून प्रूफ घेतलं. वाचता येत नव्हतं तरी त्या ओळीवरून एकदा बोट फिरवलं.

"राहू द्यायची व्हती गो," त्या म्हणाल्या. "तेवडीच व्हती घरात."