सोनाळ्याच्या पहिलवानाचा गुडघा

हे लिहायचं मी इतकी वर्षं टाळलं की टाळणं हाच माझा स्वभाव झाला. कधी रुग्णांची गर्दी होती, कधी मुलीचं लग्न होतं, आणि काहीच नव्हतं तेव्हा वाटायचं, नामदेव अजून आहे, घाई कसली... गेल्या महिन्यात सोनाळ्याहून त्याच्या पुतण्याचा फोन आला. "डॉक्टरसाहेब, काका गेले," एवढंच तो म्हणाला, आणि मला दुःख व्हायच्या आधी सुटल्यासारखं वाटलं. माणसाची लायकी कळायला एवढा क्षण पुरतो.

तरीही मी गप्पच राहिलो असतो. पण गावात शोकसभा झाली. ज्याने आयुष्यात कधी आखाड्याची माती पायाला लावली नाही अशा एका पुढाऱ्याने माईक हातात घेऊन सांगितलं, की नामदेवराव म्हणजे आपल्या भागाची शान, ती एक कुस्ती सोडली तर अगदी निष्कलंक माणूस. समोरचे म्हातारे समजूतदारपणे माना हलवत होते. मेलेल्याला आपण उदारपणे माफ केलं, याचं केवढं समाधान त्या चेहऱ्यांवर! त्याच दमात पुढारी माझ्याकडे वळला, कुस्तीगिरांच्या दुखापतींवर संशोधन करून जिल्ह्याचं नाव मोठं करणारे डॉक्टर आपल्यात बसले आहेत म्हणाला, आणि शोकसभेत मला शाल घातली. मी ती घेतली. ती अंगावर घेऊन मी नामदेवबद्दल चार गोड वाक्यं बोललो. 'ती एक कुस्ती' काय होती ते मात्र बोललो नाही.

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं तेव्हाची गोष्ट. पुण्याहून मोठी पदवी घेऊन मी बुलढाण्यात दवाखाना थाटला होता. हाडांचा डॉक्टर म्हणून पाटी लावली होती, आणि आजूबाजूची माणसं 'मले', 'तुले' बोलायची ते ऐकून मनातल्या मनात हसत होतो. मला नाव हवं होतं. परदेशात फुटबॉल खेळणाऱ्यांच्या गुडघ्यांवर निबंधांवर निबंध छापले जात होते. आपल्याकडे पोटासाठी खेळणारे खेळाडू कोण? तर पहिलवान. खुराक आणि इनाम यांवर जगणारी, जत्रेजत्रेतून लढणारी माणसं. त्यांचे खांदे, माना, गुडघे, स्नायू तपासायचे आणि निबंध लिहायचा असं मी ठरवलं. निष्कर्ष मात्र मी आधीच काढून ठेवला होता. लहानपणापासून बैठका मारून या लोकांच्या मांड्या इतक्या भक्कम होतात, की इतर खेळाडूंच्या गुडघ्यात दोन हाडांमधली जी कूर्चेची गादी फाटते ती यांची फाटत नाही. फार देखणा सिद्धांत होता. फक्त खोटा होता.

मी एसटीने गावोगावच्या तालमींत जायचो. सकाळचा जोराचा सराव संपला की घामाने आणि लाल मातीने माखलेले पहिलवान ओळीने उभे राहायचे. मी मांडीला टेप लावायचो, गुडघा वाकवायचो, पिळायचो आणि विचारायचो, "दुखतं का?" शेजारी वस्ताद बसलेला असायचा. सोनाळ्याचे भिका वस्ताद तर मुद्दाम माझ्या खुर्चीला खुर्ची लावून बसत. त्या तालमींचा एक रिवाज होता, जो तिथल्या शेंबड्या पोरालाही माहीत होता. वस्तादासमोर जो 'दुखते' म्हणाला त्याने कमरेची लांग सोडायची आणि आखाड्याच्या हौद्याबाहेर जायचं, कायमचं. दुखऱ्या सांध्यावर ओली माती थापायची आणि तोंड मिटायचं, हाच तिथला उपचार. अशा ठिकाणी, अशा माणसाच्या देखत, मी एकेकाला विचारत होतो की दुखतं का! सगळे नाही म्हणायचे. मी 'वेदना नाही' असं लिहून घ्यायचो आणि माझा सिद्धांत कसा खरा ठरतोय म्हणून खूश होऊन परतीची गाडी पकडायचो. शास्त्र म्हणे.

या ओळीत नामदेव होता. मांड्या अशा की माझ्या टेपची पंचाईत व्हावी. जिभेनेही तसाच दणकट. मी टेप लावू लागलो की म्हणायचा, "साहेब, पायजम्याचं माप घेऊन राह्यले का? घ्या, पण शिवून द्या." सगळी तालीम हसायची, भिका वस्तादसुद्धा मिशीत हसायचे. घरचं थोडं रान होतं, पण भावांनी त्याला खुराकावर वाढवला होता. त्याच्या कुस्तीवर घराची इज्जत उभी होती. माझ्या निबंधातलं मुख्य उदाहरण तोच होता. त्याच्या मांडीचा फोटो मी बुलढाण्याच्या स्टुडिओतून मोठा करून घेतला होता.

संग्रामपूरच्या कुस्त्यांच्या दंगलीच्या आधीच्या आठवड्यात तो एकटाच माझ्या दवाखान्यात आला. धोतर, टोपी, हातात पिशवी. त्याला मी पहिल्यांदाच कपड्यांत बघत होतो. बाहेरचे रुग्ण जाईपर्यंत तो बसून राहिला. मग आत येऊन दार लोटलं आणि म्हणाला, "साहेब, आखाड्यात म्या तुमाले खोटं सांगतलं. दुखते. पायरी उतरतानी गुडघा अटकते अन् मंग सुटतच नाही." मी विचारलं, बाकीचे? तो हसला. "बाकीचे काय वेगळे हायेत? वस्तादासमोर कोन सांगीन?" मग हळूच म्हणाला, की मी जर वस्तादांना सांगितलं, डॉक्टरचा हुकूम म्हणून, तर ही कुस्ती टळेल. त्याने स्वतः सांगितलं तर तो भ्याला असं होईल. "तुमचा शब्द ते मानतेत."

मी त्याला टेबलावर निजवलं. गुडघा वाकवून पाऊल बाहेर वळवलं, सांध्याच्या फटीवर अंगठा ठेवला आणि पाय सरळ करत आणला. अंगठ्याखाली काहीतरी खट्कन सरकलं. ते काय होतं हे कळायला मोठ्या पदवीची गरज नव्हती. गादी फाटली होती. निबंध मात्र तयार होता, मुंबईच्या परिषदेत वाचायचं ठरलं होतं, नाव छापून आलं होतं. हा गुडघा फाटका म्हणजे सिद्धांत फाटका, आणि बाकीच्या सगळ्यांचं 'दुखत नाही' म्हणजे केर. मी हात धुतले. हात धुताना जेवढा वेळ लागतो तेवढ्यात मी ठरवलं. "स्नायू ताणलाय," मी त्याला सांगितलं. "गुडघा ठणठणीत आहे. शेकत जा." तो माझ्याकडे बघत राहिला. मग उठला, टोपी घातली, पिशवी घेतली आणि गेला.

दंगलीला मी पाहुणा म्हणून मंडपात होतो. नामदेव बुलढाण्याला डॉक्टरकडे जाऊन आला ही बातमी एव्हाना फुटली होती, लोक कुजबुजत होते. म्हणून पुकारा करणाऱ्याने माईक माझ्यापुढे धरला, साहेबांनीच सांगावं म्हणाला. मी उठलो. मी उठायला नको होतं, पण माईक समोर आला की मी आजतागायत बसून राहिलेलो नाही. मी म्हणालो, "पहिलवानाचा गुडघा लोखंडाचा आहे." टाळ्या पडल्या.

कुस्ती चांगली चालली होती. नामदेवने समोरच्याला खाली घेतलं, त्याच्या पाठीवर आला, पट काढायला, म्हणजे पाय ओढायला, वळला आणि वळता वळता तिथेच थिजला. मी बघत होतो, मला दिसलं. गुडघा अडकला होता. त्याने एक हात जमिनीला टेकला, आणि समोरच्याने त्याला सहज उलटवून पाठीवर टाकलं. मग मागून कोणीतरी ओरडलं, "विकली बे! कुस्ती विकली यानं." मग सगळा फडच ओरडायला लागला. गुडघा लोखंडाचा असलेला माणूस असा आपोआप का पडेल? दुसरं काय कारण असणार? नामदेव मातीत बसून होता आणि मंडपाकडे बघत होता. मी शेजारच्या मामलेदारांशी काहीतरी बोलायला लागलो.

भिका वस्ताद मंडपापाशी आले. डोळे लाल. हात जोडून त्यांनी विचारलं, "साहेब, खरं सांगा. गुडघा साबूत होता?" त्या म्हाताऱ्याला नामदेववर आळ नको होता. मी नुसतं 'नाही' म्हणालो असतो तर त्याने माझ्या पायावर डोकं ठेवलं असतं. मी म्हणालो, "मी सांगितलं तेच." वस्ताद वळले, नामदेवपाशी गेले आणि म्हणाले, "उद्यापासून तालमीत पाय ठेवू नको."

मुंबईत माझा निबंध गाजला. मांडीचा फोटो पडद्यावर दाखवला तेव्हा सभागृहात कौतुकाची कुजबुज झाली. पुढे खेळाडूंचे डॉक्टर म्हणून माझं नाव झालं, समित्यांवर गेलो, सत्कार झाले. ज्यांनी सत्कार केले त्यांनी निबंध वाचला नव्हता. ज्यांनी वाचला त्यांनी कधी तालीम बघितली नव्हती. अशा लोकांत मी मोठा झालो, आणि मला ते शोभलं.

नामदेव सोनाळ्यात भाजीपाला पिकवायला लागला. लंगडायचा. गाव म्हणायचं, सोंग आहे, पैसा खाल्ला ते झाकायला लंगडतो. आयुष्यभर कोणी सोंग करतं का, एवढा साधा हिशेब त्या गावाला सुचला नाही. तो माणूस खाली बसला की मांडीला दोन्ही हातांनी धरून उठायचा, शेताच्या बांधावर एकटा असतानासुद्धा. त्याची बायको मंजुळा लग्न होऊन आली तेव्हा नव्या लुगड्यावरून बायका तिला विचारायच्या, हे त्याच पैशाचं का बाई? पुढे तिने नवं लुगडं घेऊन विहिरीवर जाणंच सोडलं. हे मला नामदेवनेच सांगितलं, कोथिंबीर निवडता निवडता, जणू दुसऱ्या कोणाची गोष्ट. मी अधूनमधून त्याच्याकडे जायचो. का जायचो? कदाचित तो मला शिव्या देईल म्हणून. त्याने कधी दिल्या नाहीत. दारातून मला बघितलं की म्हणायचा, "या, लोखंडवाले साहेब." आणि जाताना पिशवीभर वांगी द्यायचा. तो तिरस्कार इतका स्वच्छ होता की मला तो जवळजवळ आवडायला लागला होता. माझ्या योग्यतेचं मला मिळालेलं ते एकच बक्षीस.

त्याने अंथरूण धरलं तेव्हा मी शेवटचा गेलो. ओसरीवर गावातली म्हातारी मंडळी बसली होती. त्यातले बरेच जण त्या फडात होते, ओरडलेही असतील. मी आत गेलो, खाटेजवळ स्टूल ओढलं आणि सगळं बोलून टाकलं. खट्कन सरकलेलं ते, निबंध, हात धुणं... मध्ये मला रडूही आलं. त्याने ऐकून घेतलं. मग छताकडे बघत म्हणाला, "मले काऊन सांगता साहेब? मले त्याच दिवशी मालूम झालं. तुमचा अंगठा थांबला होता."

मी स्टूल थोडं मागे सरकवलं.

"तुमी नाही म्हनाले तवा वाटलं, डॉक्टर हाय, मले काय कळते. पन अंगठा थांबला होता." जरा दम खाऊन त्याने दाराकडे मान वळवली. "माफी बिफी मले नोका देऊ. मी काय करू तिचं? बाहेर बसले हायेत त्याईले सांगा. मी ऐकतो इथून."

मंजुळाबाई चुलीपाशी होत्या. त्यांनी हातातलं काम थांबवलं आणि माझ्याकडे बघितलं. त्या परत कामाला लागल्या नाहीत.

मी उठून बाहेर आलो. एकच वाक्य बोलायचं होतं. त्याच्या गुडघ्यातली गादी फाटलेली होती आणि मला ते माहीत होतं. मला बघून सगळे म्हातारे धडपडत उभे राहिले, कोणी काठी टेकत, कोणी भिंतीला धरून. "कसा हाय साहेब पहिलवान?" एकाने विचारलं. आतलं घर अगदी शांत होतं. मी तोंड उघडलं... आणि म्हणालो, "पडू द्या त्याला. थकलाय."

ते सगळे हो हो म्हणाले. त्यातल्या एकाने वाकून माझ्या चपला उचलल्या आणि माझ्या पायांपुढे सरळ करून ठेवल्या.