साडभाऊंचे लेप

देवानं माणसाला गुडघा दिला तो चालण्यासाठी नव्हे, तर आमच्या साडभाऊंना लेप लावायला जागा मिळावी म्हणून, असं माझं ठाम मत आहे. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. चोरखमाऱ्याच्या तलावाच्या पाण्यावर त्यांची धानाची शेती आहे आणि ती बरी पिकते, कारण तिकडे ताईचं लक्ष असतं. यांचं लक्ष लोकांच्या गुडघ्यांकडे. एका तेरवीच्या पंगतीत वाढपी भात घेऊन येत असताना हे गृहस्थ रांगेतल्या म्हाताऱ्यांना एकेक करून उकिडवं बसायला लावत होते आणि कट् असा आवाज आला की समाधानानं मान डोलवत होते. ज्याची तेरवी होती तो तेवढा यांच्या तावडीतून सुटला होता.

हे खूळ सुरू झालं ताईच्या गुडघ्यांपासून. गोंदियाच्या डॉक्टरांनी फोटो काढून सांगितलं की सांध्यातली गादी झिजली आहे, वजन सांभाळा, व्यायाम करा, गोळ्या घ्या, पुढेमागे ऑपरेशन. ताईनं सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "रोवनीत उतरता येईल का?" लग्न होऊन आली त्या आषाढापासून त्यांच्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, रोवणीचं पहिलं रोप तिच्याच हातचं लागत आलेलं. डॉक्टर म्हणाले, चिखलात वाकणं आता विसरा. ताईनं फोटोचं पाकीट पिशवीत घातलं. साडभाऊ मात्र तिथल्या तिथे उठून म्हणाले, "आखाडीच्या आंधी हिले बांधीत उतरवतो, पाहून घ्या." डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं.

मी गोंदियाच्या शाळेत रसायनशास्त्र शिकवतो, हे माझं दुर्दैव. मोबाइलवर हे जे काही वाचतील त्यावर शिक्का मारायला मी. भर वर्गात फोन येतो. "साडभाऊ, हळदीतलं करक्युमिन मिऱ्याबिगर आंगात मुरत नाही म्हन्ते, खरं हाय का?" आता हे बऱ्यापैकी खरं आहे, पण खरी गोष्ट या माणसाला सांगणं म्हणजे माकडाच्या हाती कोलीत. मी हो म्हणालो आणि त्या दिवसापासून त्यांच्या घरातला चहा बंद झाला. येईल त्याला हळद, मिरं आणि तूप घातलेलं दूध. पोस्टमन, गॅसवाला, मुलीला पाहायला आलेले पाहुणे, सगळे पिवळ्या मिशा घेऊन बाहेर पडायचे. मग वाचनात आलं की सालईच्या डिंकात सूज उतरवणारं आम्ल असतं. हे सालेकशाच्या जंगलातून पिशवीभर डिंक घेऊन आले आणि तो ताईच्या नव्या कुकरमध्ये वितळवला. कुकर आणि त्याचं झाकण तेव्हापासून एकमेकांना सोडायला तयार नाहीत. मी म्हणालो, अहो, ते शुद्ध करून, मोजूनमापून घ्यायचं असतं. तर मलाच म्हणतात, "तुमी पुस्तकवाले लोक झाडाले एवढे काऊन भेता?"

मिरचीनं तर कहर केला. मिरचीतल्या जळजळीनं दुखणं बधिर होतं, हेही त्यांनी कुठंतरी वाचलं. दुकानात त्याचं बेतशीर मलम मिळतं, ते आणायचं सोडून यांनी भिवापुरी मिरची पाट्यावर वाटली, मोहाच्या तेलात कालवली आणि शेजारच्या पोलीस पाटलांच्या गुडघ्यांना चोपडली. पाटील दुपारभर कालव्यात उभे होते. बाहेर आल्यावर साडभाऊंनी विचारलं, "आता गुडघा दुखते का?" पाटील म्हणाले, "गुडघा हाय कुठं?" हे वाक्य साडभाऊ अजूनही आपल्या यशाचा दाखला म्हणून सांगत फिरतात.

आखाडी, म्हणजे आषाढाची पौर्णिमा, जवळ आली. ताईचे गुडघे होते तसेच होते. उलट जिना चढताना ती आता भिंत धरायची. रोवणीच्या दिवशी मी मुद्दाम गेलो. साडभाऊंना ऐकवायला एक छानसं वाक्य गोंदियापासूनच घोळवत आलो होतो. बाया बांधीत उतरून खोळंबल्या होत्या आणि ताई धुऱ्यावर, म्हणजे कडेच्या बांधावर, नुसती उभी होती. तेवढ्यात साडभाऊ आले ते डोक्यावर प्लास्टिकची खुर्ची घेऊन. ती त्यांनी चिखलात ठेवली, तिच्यावर ताईला बसवलं, आणि खुर्ची ताईसकट एका अंगानं चिखलात गेली. बाया हसल्या. हा माणूस पळत घरी गेला, जेवायचे दोन पाट घेऊन आला आणि खुर्चीच्या पायांखाली सुतळीनं आवळून बांधले. या वेळी खुर्ची टिकली. ताईनं बसल्या बसल्या वाकून पहिलं रोप चिखलात खोचलं.

रोवणी मागं सरकत करतात. त्यामुळे हात पोचेल तेवढं लावून झालं की साडभाऊ मागून ताईसकट खुर्ची ओढायचे, पुन्हा ओढायचे. पायजमा वर खोचलेला होता. तेव्हा मला त्यांचे गुडघे दिसले. बिब्ब्याचे काळे डाग, मिरचीनं सोललेली कातडी, डिंकाबरोबर उपटून गेलेले केस.

"हे काय करून घेतलंत?"

"हिले लावाच्या आंधी माह्या गुडघ्याले लावून पाहत होतो," ते धापा टाकत म्हणाले. "जे चटके देत होतं ते हिले नाही लावलं."

"पण तुमचे गुडघे तर ठणठणीत होते."

"होते ना. आता दुखतेत."

मी ताईला विचारलं, काही आराम? ती मान वर न करता म्हणाली, "दुखते. पन रोवून राहिली ना मी."

गोंदियाहून आणलेलं वाक्य मला काही केल्या आठवेना. मी चपला धुऱ्यावर काढल्या आणि खुर्चीची दुसरी बाजू धरली. साडभाऊंना फार आनंद झाला. म्हणाले, "सावकास ओढा. संध्याकाळी तुमच्या गुडघ्याले लावाले एक लेप हाय माह्यापासी."

पुढच्या आषाढात ताईला खुर्चीवरूनही वाकवेना, ती धुऱ्यावरच बसली. साडभाऊंनी पहिलं रोप तिच्या हाताला लावून घेतलं आणि मग स्वतः रोवलं. त्यांचा लेप मी अजून लावतो. त्यानं काडीचाही फरक पडत नाही, हे त्यांना सांगायचं राहून गेलं आहे.